शिक्षा वाढवण्याआधी ती कोणाला होते ते पाहा : हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य,
विधानभवन, सिव्हिल लाइन्स, नागपूर

सन्माननीय सदस्यहो,

आपण नागपूरला आलात की हातभट्टीचा विषय कुठल्या ना कुठल्या लक्षवेधी सूचनेत निघतोच. कुठे विषारी दारूने माणसे दगावलेली असतात, कुठल्या गावच्या बायका मोर्चा घेऊन आलेल्या असतात, आणि सभागृहातली मागणी ठरलेली असते : शिक्षा कडक करा. मी फौजदारी वकील आहे. नागपूर जिल्ह्यातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टांत दारूबंदीच्या केसेस चालवतो, बहुतेक आरोपीच्या बाजूने. तेव्हा हा माणूस आपल्या पक्षकारांचीच री ओढणार, असे तुम्हाला वाटले तर त्यात वावगे काही नाही. तरी पत्र पुरते वाचा, कारण मी शिक्षा कमी करा म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की बिनपरवाना दारू गाळण्याची शिक्षा आज ज्याच्या माथी बसते तो वेगळा आणि ज्याच्या मालाने माणसे मरतात तो वेगळा. कायदा पहिल्याची कैद वर्षांत मोजतो आणि दुसऱ्याची महिन्यांत.

आधी पहिल्याकडे बघू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चे कलम ६५ हा या सगळ्याचा कणा. परवान्याशिवाय दारू तयार करणे, भट्टी उभारणे किंवा चालवणे, बाटल्या भरणे, विकणे, विकत घेणे, हे सगळे त्यात येते. शिवाय गाळण्यासाठी लागणारे साहित्य, भांडी, उपकरणे नुसती जवळ बाळगणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे दारूचा एक थेंब पडायच्या आधीच, नाल्याकाठी सडव्याने, म्हणजे गाळण्यासाठी आंबवलेल्या मोह-गुळाने, भरलेला ड्रम सापडला की गुन्हा पुरा झाला. गुन्हा दखलपात्र, कैद वर्षांची, दंड हजारांचा. दारूचा अड्डा चालवणाऱ्याला कलम ६८ खाली ३ ते ५ वर्षे कैद आणि २५ ते ५० हजार रुपये दंड, असे खुद्द उत्पादन शुल्क खातेच ढाबेवाल्यांना बजावत असते. त्यावर कलम ९३ चे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारी आहे. आणि सगळ्यात वर १९८१ चा तो कायदा, ज्याच्या नावातच झोपडपट्टीदादांच्या शेजारी हातभट्टीवाले बसवले आहेत आणि ज्याला सगळे नुसते एमपीडीए म्हणतात. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी माणसाला खटल्याशिवाय १२ महिन्यांपर्यंत आत ठेवू शकतात. आता सांगा, कायद्यात कडकपणा कुठे कमी पडला?

थोडे इतिहासाचेही सांगतो, कारण पुढे ते कामाला येणार आहे. हा कायदा १९४९ मध्ये झाला तेव्हा नागपूर मुंबई राज्यात नव्हतेच. ते मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होते. इथे १९१५ चा मध्य प्रांताचा अबकारी कायदा चालायचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्यानंतर मुंबईची दारूबंदी आपल्याकडे आली. तोवर सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या बलसारा खटल्यात हा कायदा मोठ्या प्रमाणात वैध ठरवला होता, राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असे सांगणारा राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ पाठीशी होताच. कायदा अजूनही दारूबंदीचाच आहे; दारू पिणे ही त्यात सवलत आहे, हक्क नव्हे. साधी विदेशी दारू प्यायची तरी परवाना लागतो. एक वर्षाचा १०० रुपयांत, आयुष्यभराचा १००० रुपयांत. आपल्यापैकी कितीजणांच्या खिशात तो असतो हे मी विचारणार नाही. हिवाळ्यात हुर्डा पार्ट्यांचा मोसम असतो, उगाच विषय वाढायचा.

कागदावर इतकी शिक्षा असलेली केस कोर्टात कशी चालते ते मात्र आपण कधी मागच्या बाकावर बसून बघा. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये आणि जिल्हा न्यायालयही सिव्हिल लाइन्समध्येच, फार चालावे लागणार नाही.

सण आला, निवडणूक आली, वरून आदेश आला की ‘वॉश आउट’ नावाची छाप्यांची मोहीम निघते. पहाटे पथक नदीकाठी किंवा जंगलाच्या कडेला पोहोचते. ड्रम उलथले जातात, मोहफुलांचा सडवा जागीच नष्ट होतो, नमुन्यापुरती दारू बाटलीत भरून लाख लावून सील होते, मुद्देमालाची किंमत लिहिली जाते आणि सडव्याच्या ड्रमांसह फोटो निघतो. भट्टीचा खरा मालक त्या वेळी तिथे नसतो. तो कधीच नसतो. असते ती जाळ घालणारी बाई, नाहीतर रोजंदारीवर ड्रम राखणारा म्हातारा. गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांच्या आतली, त्यामुळे पोलीस अटक न करता नोटीस देतात आणि संध्याकाळपर्यंत ती बाई घरी. दोषारोपपत्र लागते, तारखा पडतात. पंच म्हणून ज्याची सही आहे तो उलटतपासणीत सांगतो, की सही ठाण्यात केली, ड्रम काही पाहिला नाही. कायद्याच्या कलम ११७ ने झडतीचे पंच त्याच वस्तीतले नसले तरी चालते, ही पोलिसांची सोय. आमची सोय अशी, की ठाण्याचा तोच तो पंच दहा केसेसमध्ये दिसला की न्यायाधीशांचा त्याच्यावरचा भरवसा आपोआप उडतो. त्यात रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि आला की त्यात काय असते? नमुन्यात इथिल अल्कोहोल इतके टक्के. बस.

हा ‘बस’ फार महागात पडतो. एमपीडीएखाली हातभट्टीवाल्याला स्थानबद्ध करायचे तर त्याच्या दारूने सार्वजनिक आरोग्याला धोका आहे हे दाखवावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठांनी असे कितीतरी आदेश याच कारणावरून रद्द केले, की अहवालात अल्कोहोलचे प्रमाण आहे, पण ती दारू माणसाला अपायकारक आहे असे म्हणणारा एक शब्द नाही. आम्ही वकील त्यावर जिंकतो आणि अशिलाला घेऊन घरी जातो. पण विचार करा, सरकारच्या हाती नमुना होता, प्रयोगशाळा नागपुरातच होती, आणि तरी त्या बाटलीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल होते की नाही हा एकच प्रश्न, ज्यावर माणसे जगतात किंवा मरतात, कोणी धड विचारला नाही.

एका पक्षकार बाईने मला विचारले होते, “वकीलसाहेब, ड्रम नेला त नेला जी, पण लेकराईले काय देऊ?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि कलम ६५ मध्येही नाही. पण अशा बाईला बिचारी म्हणून सोडून द्या असेही मी म्हणणार नाही. तिच्या दारूने गावातले संसार मोडतात हे खरे आहे. तिच्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या बायकाही तिच्यासारख्याच गरीब असतात. गंजलेले ड्रम, नवसागर, कधी खत, असले काय काय सडव्यात जाते. तिला शिक्षा व्हावी. फक्त तिच्या शिक्षेने सामूहिक मृत्यू थांबतील, हा समज सोडा.

कारण ते मृत्यू तिच्या मडक्यात होतच नाहीत. मोह आंबवा की गूळ, त्यातून बनते ते मुख्यतः इथिल अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, नेहमीच्या दारूतले. मिथिल अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल, फळांतल्या पेक्टिनमुळे थोडेफार तयार होते, पण मोहाच्या सडव्यातून वस्तीच्या वस्ती आजारी पडावी इतके नाही. घाऊक मृत्यू जिथे झाले तिथे बहुतेक वेळा कारखान्यासाठी बनवलेले मिथेनॉल दारूत मिसळलेले, किंवा नुसते पाणी घालून दारू म्हणून विकलेले निघाले. ते स्वस्त असते, त्याला भट्टी लागत नाही, जाळ लागत नाही, सात-आठ दिवस सडवा जपावा लागत नाही. पिणाऱ्याला आधी नेहमीसारखीच नशा येते. मग यकृत त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल करते. कित्येक तासांनी, बहुधा दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धुके येते, पोटात कळा येतात, श्वास जोरात चालू लागतो. उतारा आहे : फोमेपिझोल, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत इथेनॉलच, आणि डायलिसिस. पण तो वेळेत मिळाला पाहिजे, आणि पोलिसांच्या भीतीने घरात पडून राहिलेला माणूस वेळेत सरकारी मेडिकल रुग्णालयात पोहोचत नाही. शिक्षा कडक करताना ही भीतीही वाढते, हे हिशेबात घ्या.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू, ज्याच्याकडे हे मिथेनॉल असते. महाराष्ट्रात त्याच्या विक्री-साठ्यावर नियंत्रण आहे ते विषांच्या कायद्याने : केंद्राचा १९१९ चा विषे अधिनियम आणि त्याखालचे राज्याचे १९७२ चे नियम. त्या मूळ अधिनियमाच्या कलम ६ मध्ये शिक्षा काय आहे? पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर ६ महिने किंवा १००० रुपये. माणसे मेल्यावर अर्थातच सदोष मनुष्यवधाचे कलम लागते, पण ते मेल्यावर. मरण्याआधी, पिंप नुसते चुकीच्या हातात असताना, कायद्याच्या तराजूत ही दोन पारडी आहेत : मोहाचा ड्रम बाळगणाऱ्या बाईला वर्षे, मिथेनॉलचे पिंप बिनपरवाना विकणाऱ्याला ५०० रुपये. सिव्हिल लाइन्समधून धरमपेठेत रिक्षाने जाऊन जेवून आलात तरी याहून जास्त खर्च होईल.

शिक्षा वाढवून पाहिलेली राज्ये आपल्यासमोर आहेत. गुजरातचा दारूबंदी कायदा मुळात आपलाच, १९४९ चाच. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा तो त्यांच्याकडेही राहिला. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत शंभरावर माणसे विषारी दारूने गेली आणि त्यांनी कायद्यात थेट फाशीची तरतूद केली. जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत पुन्हा चाळिसांहून अधिक माणसे गेली. तपासात निघाले काय? कारखान्याच्या गोदामातून चोरलेले मिथेनॉल, पाणी घालून पिशव्यांत विकलेले. फाशीचा कायदा पुस्तकात होता आणि गोदामाचा हिशेब कोणी बघत नव्हते. बिहारने २०१६ मध्ये दारू बनवण्याला किमान दहा वर्षांची कैद ठेवली, दोन वर्षांत ती सौम्य करावी लागली. कोर्टे जामीनअर्जांनी इतकी तुंबली, की २०२१ मध्ये देशाच्या सरन्यायाधीशांनी कायदा करताना दूरदृष्टी नसली की काय होते याचे उदाहरण म्हणून बिहारच्या दारूबंदीकडे बोट दाखवले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सारण जिल्ह्यात विषारी दारूने माणसे मेलीच.

आपल्या घरचे उदाहरण मुंबईतल्या मालवणीचे. जून २०१५, मालाड, विषारी दारूने शंभरावर मृत्यू. सत्र न्यायालयाचा निकाल आला २०२४ मध्ये. चौदा आरोपींपैकी चौघे दोषी, दहा निर्दोष. चौघांना दहा वर्षे. नऊ वर्षांनी आलेल्या निकालाची कुठल्या भट्टीवाल्याला धास्ती वाटली असेल? उद्या शिक्षा दुप्पट केलीत तरी तिची धास्ती तेवढीच राहील. गुन्हेगार कलमातले आकडे वाचत नाही, तो पकडले जाण्याची शक्यता बघतो. हे आमच्या धंद्यात रोज दिसते.

यात सरकारच्या तिजोरीचाही भाग आहे, तो सभागृहात सहसा कोणी काढत नाही. जून २०२५ मध्ये मद्यावरचे शुल्क वाढले. १८० मिलीच्या देशी दारूची किमान किंमत ८० रुपये झाली, भारतीय बनावटीच्या विदेशीची २०५. महसूल हवा हे मान्य. पण देशीचा पव्वा महाग झाला की रोजमजुराची पावले कुठे वळतात हे उत्पादन शुल्कच्या शिपायालाही ठाऊक असते. तसेच ‘आडवी बाटली’चे. गावातल्या बायका मतदानाने परवान्याचे दुकान बंद करू शकतात आणि ते त्यांनी करावे. पण हातभट्टीला परवानाच नसतो, त्यामुळे तिच्यावर मतदान होत नाही. दुकान गेले आणि भट्टी राहिली, असे झालेल्या गावांची नावे त्या गावच्या बायकाच तुम्हाला सांगतील. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावाने कित्येक दशके दारूबंद आहे; नागपूरकडून तिकडे जाणाऱ्या बाटल्यांच्या केसेस आम्ही आणि तिथले वकील वाटून घेतो.

मोहाचे मात्र वेगळे बोलले पाहिजे. रामटेक, पारशिवनी, देवलापार या पट्ट्यात मार्च-एप्रिलला पहाटे मोहफुले वेचणारी कुटुंबे आहेत. फूल खाल्ले जाते, विकले जाते, आणि गोंडांच्या घरी देवाला मोहाची धार लागते. ते काही कोणी लपवत नाही. फुले गोळा करण्या-साठवण्यावरची जुनी बंधने राज्याने २०२१ मध्ये सैल केली, २०२२ मध्ये काजूबोंडे आणि मोहफुलांपासून मद्य बनवायला प्रोत्साहन देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. ऐकायला बरे. पण रीतसर परवाना घेऊन कारखाना काढणे हे काम भांडवलवाल्याचे. फूल वेचणाऱ्या बाईसाठी कलम ६५ तसेच आहे. आणि गंमत बघा. देवलापारच्या पुढे खवासा लागले की मध्य प्रदेश. तिथे १९१५ चाच तो कायदा, जो कधीकाळी नागपुरातून चालायचा, आणि त्यात अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींना घरच्या वापरापुरती दारू गाळायला मुभा आहे. मध्य प्रदेशने पुढे जाऊन वारसा मद्याचे धोरण आणले, अलीराजपूरचे बचतगट मोहाचे मद्य बाटलीबंद करू लागले. जंगल सलग, फूल तेच, आजीच्या हातची रीत तीच. रस्त्यावरच्या एका नाक्याने एकीला उद्योजक केले आणि दुसरीला आरोपी. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही हे मला माहीत आहे, पण घरगुती वापर आणि विक्री यांत फरक करायला अनुसूचित क्षेत्रच कशाला लागते?

जाता जाता शहरातल्या हौशी पोट्ट्यांबद्दल. ऑनलाइन तांब्याची छोटी भट्टी मागवायची, व्हिडिओ पाहायचे आणि संत्र्याची ब्रँडी काढायची, असे मनसुबे ऐकू येतात. साहित्य बाळगण्याचे ते कलम त्यांनाही लागते आणि घरगुती हौसेसाठी गाळण्याचा परवाना असा प्रकार नाही. त्यांच्या फ्लॅटवर छापा मात्र मी ऐकलेला नाही. कायदा कुठे बघतो आणि कुठे नाही, हे त्यावरून समजायला हरकत नाही.

तर मागणे काय? कलम ६५ चे तुकडे पाडा. घरच्या वापरापुरते गाळणारा, विकण्यासाठी गाळणारा आणि दारूत औद्योगिक रसायन मिसळणारा किंवा ते पुरवणारा, हे तिघे एका ओळीत उभे करू नका. पहिल्याला दंड आणि समज, दुसऱ्याला आहे ती शिक्षा पण वर्षभरात निकाल, आणि वाढवायचीच असेल ती तिसऱ्याची वाढवा, कोणी मरायची वाट न बघता. ५०० रुपयांच्या दंडाला केंद्राचा कायदा म्हणून हात झटकू नका. विषे हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा, विषय आहे; राज्याला दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मागता येते, आणि नियम तर राज्याचेच आहेत. हातभट्टीच्या प्रत्येक नमुन्याची मिथेनॉलसाठी तपासणी सक्तीची करा आणि ती आधी करा, अल्कोहोलचे टक्के मागाहून आले तरी चालतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने १ जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरण आणलेच आहे. ते नमुना सील करताना पुरते व्हावे, म्हणजे पंच फिरला तरी केस फिरणार नाही. त्याने आमच्या काही केसेस जातील, जाऊ द्या. पहिल्यांदा सापडलेल्या बाईच्या बंधपत्रासोबत तिला बचतगटाचे कर्ज किंवा रोजगार हमीचे काम जोडून द्यायला वेगळा कायदाही लागत नाही, तहसीलदाराला एक परिपत्रक पुरते.

आणि एक तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न विचारा, लक्षवेधीपेक्षा तो कामाचा ठरेल. बुटीबोरी, हिंगणा आणि कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतींत मिथेनॉल वापरणारे परवानाधारक किती, गेल्या तीन वर्षांत त्यांचा आलेला माल आणि वापरलेला माल यांचा ताळा कोणत्या अधिकाऱ्याने, किती वेळा जागेवर जाऊन घेतला, आणि तफावत कुठे निघाली. उत्पादन शुल्क म्हणेल हे अन्न व औषध प्रशासनाचे, ते म्हणतील उद्योग विभागाचे. तिघांनाही एकाच दिवशी सभागृहात उत्तर द्यायला लावा.

आपला,
नागपूर जिल्हा न्यायालयात वकिली करणारा एक नागरिक